राखणीची बंदूक



पौषातली एखादी रात्र डोळ्यांपुढे आणा. जिंतूरच्या डोंगराकडेला, नाहीतर गोदाकाठी सोनपेठ-गंगाखेडच्या बाजूला, रब्बीची ज्वारी हुरड्यात आलेली आहे. गाव निजलेले असते, पण शेतातल्या आखाड्यावर एक आगटी धुमसत असते आणि तिच्यापाशी घोंगडे पांघरून कोणीतरी बसलेले असते. घरचा म्हातारा असेल, कॉलेजातून सुटीला आलेला मुलगा असेल, नाहीतर सालगडी असेल. तो जागलीला आलेला आहे. घटकाभर त्याचा डोळा लागला आणि रानडुकरांचा कळप शिरला, तर सकाळी अर्धे वावर आडवे झालेले दिसते. डुक्कर खातो थोडे आणि लोळवतो फार. हरभऱ्याला घाटे धरले की हरणे येतात, तुरीत रोही शिरतात.

ह्या जागलीच्या माणसाच्या हाती काय असते? गोफण, काठी, पत्र्याचा डबा, बॅटरी, आणि अलीकडे फटाक्यांची माळ. बंदूक क्वचित असते. ती का नसते, पूर्वी होती काय, असायला हवी काय, हे प्रश्न खेड्यातल्या पारावर नेहमी निघतात. कोणी म्हणतो, सरकारने आमचे हात बांधले. कोणी म्हणतो, बरे झाले बांधले, नाहीतर बांधाच्या भांडणात रोज एक मुडदा पडला असता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच आज आपण हत्यारांच्या कायद्याचा इतिहास आपल्या परभणीच्या शेतावरून पाहू.

इंग्रजी अंमलापूर्वी आपल्या मुलखात हत्यार ही नवलाची वस्तू नव्हती. गावोगावी गढ्या होत्या. पाटील-देशमुखांच्या वाड्यात तोड्याची बंदूक असे, तलवार असे. जागल्याच्या हाती भाला नाहीतर दांडके असे. खंडेनवमीला तलवारीशेजारी विळा, कोयता आणि कुऱ्हाडही पुजली जात असे. राखण करणे आणि शेती करणे ह्या दोन गोष्टी त्या काळी फारशा वेगळ्या नव्हत्या. पेशवाई बुडाली त्या सुमारास, १८१९ साली, हटकरांचे पुढारी नोवसाजी नाईक नोव्ह्याच्या गढीत निजामाच्या फौजेशी लढले, आणि ती गढी घेण्यासाठी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची पलटण व तोफा आणाव्या लागल्या. पुढे हिंगोलीला ह्या फौजेची छावणी बरीच वर्षे होती. हिंगोली त्या काळी आपल्याच भागात मोडे. परभणी जिल्ह्यातून ती निराळी झाली ती १ मे १९९९ रोजी.

पण त्या काळाचे फार गोडवे गाऊ नयेत. हत्यार होते, ते सर्वांच्या हाती सारखे नव्हते. निजामाच्या राज्यात अरब आणि रोहिले पगारी शिपाई म्हणून पुष्कळ आले होते. त्यांच्यातले काही जमादार स्वतः सावकारी करीत, आणि कित्येक सावकार कर्जवसुलीला अशाच हत्यारबंद माणसांना धाडीत. कुळाच्या दारात बंदूकवाला बसला की घरातले किडूकमिडूक बाहेर निघे. १८५३ साली पहिले सालारजंग दिवाण झाले. त्यांनी ह्या जमादारांकडे गहाण पडलेला मुलूख सोडवून घेतला, त्यांच्या हाताला आवर घातला, आणि १८६५ च्या सुमारास जिल्हेवार कारभाराची घडी बसवली. पोलीस आले, कचेऱ्या आल्या. मराठवाड्यातल्या कुणब्याच्या दृष्टीने पाहिले तर बंदुकीला घातलेला हा पहिला मोठा लगाम होता, आणि तो त्याच्या फायद्याचा होता. कारण ती बंदूक त्याची नव्हतीच; ती त्याच्यावर रोखलेली होती.

आता पैनगंगेच्या पलीकडे चला. आपल्या उत्तरेला वऱ्हाड आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, आणि नदीच्या दोन काठांना दोन कायदे झाले. अलीकडे निजामाचे फर्मान चाले, पलीकडे कलकत्त्याच्या सरकारचा कायदा चाले. १८५७ च्या उठावाने इंग्रजांच्या मनात जी धास्ती बसली, तिच्यातून १८६० साली हत्यारांचा एक कायदा आला आणि १८७८ साली त्याहून कडक असा दुसरा. व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा ह्याच लिटनसाहेबांनी ह्याच साली केला. एकाच वर्षात लेखणी आणि बंदूक दोन्ही बांधल्या गेल्या, हे शिक्षक मंडळींनी मुलांना जरूर सांगावे.

१८७८ च्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बाळगता येईना, की दारूगोळा विकत घेता येईना. गोऱ्या लोकांना मात्र नियमांतून सूट होती. हा भेद कायद्याच्या नियमांतून निघून जायला १९२० साल उजाडावे लागले. जंगली जनावरांपासून माणसे, गुरे आणि पीक राखण्यासाठी परवाना देण्याची तरतूद तेव्हाच्या नियमांतही होती. पण परवाना द्यायचा तो साहेबाच्या विश्वासावर, आणि साहेबाचा विश्वास बसे तो बहुधा इनामदारावर, खोतावर, मोठ्या वतनदारावर. दोन-चार एकरांच्या धन्याला कचेरीची पायरी चढणेही अवघड होते.

ह्याच काळात एका माणसाने शेतकऱ्याच्या बाजूने ह्या कायद्याकडे पाहिले. ते म्हणजे महात्मा जोतीराव फुले. १८८३ साली पुऱ्या झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या पुस्तकात त्यांनी शेतीच्या हलाखीची कारणे आणि उपाय मांडले आहेत. त्यांत रानडुकरांचा प्रश्नही आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : पीक राखण्यासाठी शेतकऱ्याला साधी गावठी, तोड्याची का होईना, बंदूक ठेवू द्यावी. तेवढा विश्वास सरकारला वाटत नसेल, तर राखणीचे काम सरकारने आपल्या पोलिसांकडे सोपवावे. आणि तरीही डुकरांनी पीक खाल्ले, तर त्याची भरपाई पोलिसांच्या व वरिष्ठ कामगारांच्या पगारातून, नाहीतर सरकारी खजिन्यातून करून द्यावी. असे झाल्यावाचून शेतकऱ्याला रात्री पोटभर झोप मिळणार नाही, आणि झोप नाही तर दिवसा त्याच्या हातून मेहनत होणार नाही, हे कारणही त्यांनी सांगितले.

श्रोते हो, ह्या तीन मागण्या ध्यानात ठेवा. बंदूक द्या, ती देत नसाल तर राखण करा, राखण जमत नसेल तर भरपाई द्या. आजच्या भाषणाचा सारा धागा ह्या तिन्हींना बांधलेला आहे. फुले बंदुकीचे कौतुक करीत नव्हते. सरकारने शेतकऱ्याच्या हातातून एक साधन काढून घेतले, तेव्हा त्या साधनाचे काम कोणी करायचे हा हिशेब ते मागत होते.

राष्ट्रीय चळवळीने हा प्रश्न निराळ्या अंगाने घेतला. सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणे हा अपमान आहे, अशी तिची भूमिका होती. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रासच्या बैठकीपासून ह्या कायद्याविरुद्ध ठराव केले. अहिंसेचे पुजारी महात्मा गांधी, पण १९३० साली त्यांनी आयर्विनसाहेबांपुढे जे अकरा मुद्दे ठेवले, त्यांत आत्मरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत आणि त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, हाही एक होता. १९३१ च्या कराची ठरावातही नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवलेला आहे. मिठाच्या कराशेजारी बंदुकीचा परवाना ठेवलेला पाहून आज नवल वाटते. पण दोन्ही गोष्टी खेड्यातल्या माणसाच्या रोजच्या होत्या.

आपल्या मराठवाड्याला मात्र बंदुकीचा खरा धडा मिळाला तो १९४७-४८ साली. देश स्वतंत्र झाला आणि आपण निजामाच्या राज्यातच राहिलो. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या हाताखाली रझाकारांची संघटना वाढली. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून हैदराबादला चोरून हत्यारे आणीत होता. राज्याच्या पाठबळाने एका गटाच्या हाती हत्यार, आणि खेड्यातल्या बाकीच्यांच्या हाती गोफण-काठी, असा तो विषम सामना होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातले तरुण सरहद्दीपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी छावण्या टाकून राहिले, आणि मिळेल ते हत्यार घेऊन झगडले. शेतावर जाण्याची सोय नव्हती. किती घरांनी बैलगाड्या जुंपून पैनगंगा ओलांडली आणि वऱ्हाडात आसरा घेतला, हे जुन्या माणसांच्या तोंडून आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल.

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. आपण तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो. पण इतिहास सांगायचा तर पुढचेही सांगितले पाहिजे. त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या कित्येक भागांत सूड उगवला गेला आणि पुष्कळ निरपराध मुसलमान खेडूत त्यात बळी पडले. भारत सरकारने चौकशीसाठी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले आहे की, मुसलमानांची हत्यारे काढून घेण्यात आली, पण हिंदूंकडची हत्यारे पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली. म्हणजे आधी एका बाजूच्या हाती बंदूक होती तेव्हा एकाची घरे जळाली, आणि बाजू उलटली तेव्हा दुसऱ्याची. हत्यार कोणाकडे राहावे हे कायद्याने सर्वांना सारखे ठरवले नाही, तर ते गर्दी ठरवते. हे आपल्या मातीत घडलेले आहे. म्हणून बंदुका मोकळ्या सोडा असे जेव्हा कोणी सहज बोलून जातो, तेव्हा मराठवाड्याच्या माणसाने जरा थांबावे.

त्याच सुमारास दिल्लीत घटना परिषद बसली होती. १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णु कामत ह्यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारही तो मागेल, असे त्यांचे म्हणणे होते. सूचना फेटाळली गेली. तेव्हापासून आपल्या देशात बंदूक हा हक्क नाही. ती सरकारने अटी घालून दिलेली परवानगी आहे.

पण स्वतंत्र भारताने जेव्हा स्वतःचा कायदा केला, तेव्हा शेतकऱ्याला तो विसरला नाही. हा १९५९ चा शस्त्र कायदा, १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेला. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. पैनगंगेच्या दोन्ही काठांना आता एकच कायदा झाला होता. त्यातल्या चार गोष्टी खेड्यातल्या माणसाने जाणून घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, शेतीसाठी आणि घरकामासाठीच बनवलेल्या वस्तूंना हा कायदा हत्यार मानत नाही. काठीचे नाव तर व्याख्येतच घेतले आहे. म्हणजे विळा किंवा खुरपे घेऊन शेतावर जाणाऱ्याला परवाना लागत नाही.

दुसरी गोष्ट, कायद्याच्या तेराव्या कलमात पीक-संरक्षण हे शब्द आहेत. खरोखरीच्या पीक-संरक्षणासाठी भारतीय नागरिकाने ठासणीची, म्हणजे आपण जिला भरमार म्हणतो ती, बंदूक मागितली, तर आवश्यक चौकशीनंतर आणि नाकारण्याजोगे कारण नसल्यास परवाना द्यावा, असे तिथे म्हटले आहे. भरमार पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो दुसरी छऱ्याची बंदूकही मंजूर करू शकतो.

तिसरी गोष्ट, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. १८७८ च्या काळात परवाना वतनदाराच्या वाड्यावर थांबे. ह्या एका वाक्याने तो लहान शेतकऱ्याच्या झोपडीपर्यंत यायची वाट उघडली.

चौथी गोष्ट, परवाना नाकारला तर अधिकाऱ्याने कारण लिहून ठेवायचे असते. सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर मागितल्यावर ते सांगायचेही असते. त्यावर अपील करता येते.

ही भरमार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना ठाऊक नसेल. तिच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, गजाने ठोकून बसवायचे, मागे टोपी चढवायची, तेव्हा एक बार उडतो. दुसरा बार उडवायला पुन्हा सारा खटाटोप. दरोडेखोराला ती कामाची नाही. पण रात्रीच्या शांततेत तिचा आवाज पार शिवारापलीकडे जातो आणि कळप पळतो. कायदे करणाऱ्यांनी ती निवडली ह्यात शहाणपण होते. शेतकऱ्याला धाक घालण्यापुरते साधन मिळावे आणि गावाला त्याचा धोका कमीत कमी व्हावा, असा तो मेळ होता.

मग गाडे अडले कुठे? ते अडले दुसऱ्या एका चांगल्या कायद्यापाशी. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तोवर शिकारीपायी आपल्या माळरानावरची जनावरे झपाट्याने कमी होत चालली होती. काळवीट वाचले ते ह्या कायद्यामुळे, आणि ते वाचले हे चांगलेच झाले. ते आजही पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणाऱ्याला तुरुंगाची वाट धरावी लागते. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीवरची बंदी जवळजवळ पुरी झाली. रानडुक्कर आणि रोही ह्यांनी उभ्या पिकाला धोका केला, तर त्यांना मारण्याची परवानगी वनखात्याचा अधिकृत अधिकारी देऊ शकतो, अशी तरतूद अकराव्या कलमात आहे. पण ती लेखी घ्यावी लागते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत तर बंदुकीचा नवा परवानाही मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीवाचून मिळत नाही.

आता शेतकऱ्याची अडचण पाहा. एका कायद्याने त्याला पीक राखायला बंदूक दिली. दुसऱ्या कायद्याने ती ज्याच्यावर चालवायची ते जनावर राखून ठेवले. परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत, पोलिसांचा अहवाल ठाण्यात, जनावराची परवानगी वनखात्यात. आणि डुक्कर मात्र आज रात्री वावरात. भरमार हाती असलेला माणूस हवेत बार काढतो आणि घरी येतो. पुढे पुढे त्याला वाटू लागते की, एवढ्यासाठी बंदूक सांभाळण्याचे झेंगट कशाला?

आणि झेंगट लहान नाही. परवान्याची मुदत सांभाळा, नूतनीकरणाला जिल्ह्याच्या गावी खेपा घाला, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस घ्या. निवडणुका कधी कधी नेमक्या सुगीत येतात. २०१६ च्या नियमांनी बंदूक हाताळण्याचे प्रशिक्षण आणि ती सुरक्षित ठेवण्याची हमी ह्या अटी आणल्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, विनापरवाना बंदुकीची शिक्षा वाढवली, आणि लग्नावरातीत हौसेने बार उडवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, ही एक सोय झाली. ह्यातली प्रत्येक अट एकेकटी पाहिली तर योग्य वाटते. वरातीतल्या गोळीने कोणाचा मुलगा गेला, तर त्या आईला कायदा कडक वाटत नाही. पण साऱ्या अटींचे ओझे पडते ते ज्याला बंदूक शोभेसाठी नको, कामासाठी हवी आहे त्याच्यावर. पैसेवाला परवाना सांभाळतो. जिरायती शेतकरी तो सोडून देतो, किंवा वडील वारल्यावर मुलगा बंदूक जमा करून मोकळा होतो.

मग राखण कशी होते? इथे गोष्ट गंभीर होते. कोणी बांधावर जुन्या साड्या बांधतो, कोणी रात्रभर भोंगा वाजवतो. तिथवर ठीक आहे. पण कोणी विजेच्या खांबावरून तार ओढून कुंपणात प्रवाह सोडतो. त्या तारेला डुक्कर आणि माणूस ह्यांतला फरक कळत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, गुरामागे गेलेले पोर, कधी तार लावणारा स्वतः तिला चिकटून मरतो. अशा बातम्या आपल्या राज्यात दरसाल येतात आणि तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहतो. बंदूक परवान्याची असते, तिचा मालक ठाऊक असतो, ती माणूस पाहून चालवता येते. अंधारातल्या तारेला ह्यातले काहीच लागू नाही. राखणीचे साधन काढून घेतले आणि त्या जागी दुसरे दिले नाही, तर माणूस अधिक घातक साधनाकडे वळतो, हे आपण डोळ्यांनी पाहत आहो.

दुसरीकडे लोकांनी काय केले? ऑस्ट्रेलियात १९९६ च्या एप्रिलमध्ये पोर्ट आर्थर येथे एका माणसाने पस्तीस जणांना गोळ्या घातल्या. त्या सरकारने काही दिवसांतच देशभर कडक नियम आणले आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तरी खऱ्या गरजेच्या यादीत शेतीचे नाव ठेवले. शेतकऱ्याला कामापुरती बंदूक राहिली, पण का हवी ते दाखवावे लागते. आपल्याच देशात कर्नाटकातल्या कोडगूच्या लोकांना १८६१ पासून परवान्यातून सूट आहे, आणि ती सरकारी अधिसूचनेने २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. तेव्हा कडक कायदा आणि शेतकऱ्याची सोय ह्यांचे हाडवैर आहे असे मानण्याचे कारण नाही. कोणाला, किती आणि कशासाठी, एवढे नीट ठरवावे लागते.

आता फुल्यांच्या तीन मागण्यांकडे परत येऊ आणि आजचा हिशेब मांडू.

बंदूक द्या, ही पहिली मागणी १९५९ च्या कायद्याने कागदावर मान्य केली. ती वापरात यायची तर परवाना आणि वनखात्याची परवानगी ह्या दोन गोष्टी एकमेकींना जोडून, तालुक्याच्या ठिकाणी, सुगीच्या आधी मिळाल्या पाहिजेत.

राखण करा, ही दुसरी मागणी. सौर कुंपणाला अनुदान देण्याच्या योजना राज्यात आल्या आहेत. त्या कुंपणाचा झटका बसतो, पण तो बेताचा आणि अधूनमधून असल्याने जीव घेत नाही. तारेच्या वेड्या उपायापेक्षा हा शतपटीने बरा. पण एकट्याने आपल्या दोन एकरांभोवती कुंपण घातले की कळप शेजाऱ्याकडे वळतो. सबंध शिवाराचे कुंपण गावाने मिळून केले, तरच ती राखण होते.

भरपाई द्या, ही तिसरी मागणी. वन्य प्राण्यांनी पीक नासले तर वनखाते नुकसानभरपाई देते. त्यासाठी नुकसान दिसताच कळवावे, पंचनामा होईतो वावर तसेच ठेवावे, छायाचित्र काढून ठेवावे, सातबारा हाताशी ठेवावा. पुष्कळ शेतकरी खेटे नकोत म्हणून अर्जच करीत नाहीत. हे बरोबर नाही. अर्ज झाले नाहीत तर कागदोपत्री नुकसानही झालेले नसते, आणि वर बसलेल्यांना वाटते की परभणीकडे सारे आलबेल आहे.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती आहे. आपल्या शाळेतल्या मुलांना एक काम द्या. घरातल्या आजोबा-आजींना विचारायला सांगा : आपल्या गावात पूर्वी बंदूक कोणाकडे होती? रझाकारांच्या वेळी गावाची राखण कोणी केली? परवाना कधी सोडला, का सोडला? यंदा डुकरांनी किती वावर नासले आणि त्यासाठी अर्ज किती जणांनी केले? वहीची चार पाने भरतील. तो तुमच्या गावाचा इतिहास होईल, आणि ग्रामसभेत मांडायला पुरावाही होईल.

शेतकरी बांधवांनो, सरकारने बंदूक आवरली ह्याबद्दल मराठवाड्याने कुरकुर करू नये. मोकळ्या बंदुकीची किंमत आपल्या वाडवडिलांनी मोजली आहे. पण ज्याने आपल्या हातातून हत्यार घेतले, त्याने आपल्या शेताच्या राखणीची जबाबदारीही घेतली आहे, हे त्याला आठवून देण्याचा आपला अधिकार आहे. तो अर्ज करून, ग्रामसभेत उभे राहून, हिशेब मागून बजावावा. जोतीरावांनी जी पोटभर झोप शेतकऱ्यासाठी मागितली होती, ती अजून जागलीच्या माणसाला मिळायची आहे.